उभ्याने केलेली सही

मी एक जुनी चामड्याची फाइल आहे. मॉरिसव्हिलच्या तुमच्या रविवारच्या मराठी शाळेत, कपाटाच्या मधल्या फळीवर, रंगीत मार्करांच्या डब्याशेजारी माझी जागा आहे. माझ्या पोटात तुमच्या हजेरीचे कागद असतात. मागच्या रविवारी तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या पाठीवर ज्यूसचे पाकीट ठेवले आणि त्याचा चौकोनी ओला डाग माझ्यावर उमटला. मी रागावलेली नाही, मित्रांनो. पण जिथे तो डाग पडला, तिथेच एके काळी अमेरिकेचा एक मंत्री मला उघडण्याआधी आपला तळहात ठेवत असे. हे ठाऊक असते तर तुम्ही ते पाकीट दुसरीकडे ठेवले असते, याची मला खात्री आहे. म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म १९८९ सालचा. त्याच वर्षी माजी सैनिकांची काळजी वाहणाऱ्या विभागाला इथल्या मंत्रिमंडळात जागा मिळाली आणि त्याच्या मंत्र्यासाठी सहीच्या फायली नव्याने करून घेण्यात आल्या. मला शिवणाऱ्या कारागिराच्या डाव्या हाताला तीनच बोटे होती. उरलेली दोन कोरियाच्या युद्धात थंडीने झडली होती. माझे चामडे तो मनगटाने दाबून धरी आणि उजव्या हाताने टाके घाली. शेवटी त्याने माझ्यावर सोनेरी गरुडाचा ठसा उठवला, मला प्रकाशात धरले आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "हिच्यातून आपल्यासारख्यांचे कागद जाणार आहेत. शिवण उसवता कामा नये." ती शिवण अजून उसवलेली नाही.

अमेरिकेत मंत्र्याला सेक्रेटरी म्हणतात. राजधानीतल्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर त्याची खोली. तिथे गेल्यावर पहिली काही वर्षे मी केवळ थक्क होत राहिले. आपले काम काय आहे, हेच मला पुरते उमगत नव्हते. या एका माणसाच्या देखरेखीखाली दीडशेहून अधिक राष्ट्रीय दफनभूमी आहेत, देशभर पसरलेली रुग्णालये आहेत, चार लाखांहून अधिक कर्मचारी आहेत. गणवेश उतरवून ठेवलेली कोट्यवधी माणसे त्याच्या दाराकडे पाहत असतात. कुणाला कृत्रिम पाय हवा असतो, कुणाला शिक्षण पुरे करायचे असते, कुणाला रात्रीची झोप हवी असते. या देशाच्या यादवी युद्धात लढलेल्या एका सैनिकाच्या मुलीला अगदी २०२० सालापर्यंत, तिचे डोळे मिटेपर्यंत, वडिलांच्या नावाचे निवृत्तिवेतन मिळत होते. युद्ध संपून दीडशेहून अधिक वर्षे झाली होती. दिलेला शब्द इतकी वर्षे जिवंत राहू शकतो, हे कळले तेव्हा मी नुसत्या कागदांची राहिले नाही.

माझे काम सोपे दिसे, पण ते नव्हते. माझ्या डाव्या बाजूला एक पट्टी लावलेली असे. त्या पट्टीवर सात अधिकाऱ्यांनी आपापली आद्याक्षरे लिहिल्याखेरीज उजव्या बाजूचा कागद मंत्र्यापुढे जात नसे. वैद्यकीय, कायदा, दफनभूमी, आणखी चार. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर मी महिनोन्‌महिने फिरत असे. या फिरण्यावर बाहेरचे लोक चिडतात. मीही चिडत असे. पण एकाच कागदात सात माणसांनी डोळे घातले की चूक सापडते, हेही मी पाहिले आहे.

अनेक मंत्री आले नि गेले. मी ज्याच्याबद्दल सांगणार आहे त्याचे नाव टाल्मन. तो स्वतः पायदळात होता आणि त्याच्या उजव्या कानाला ऐकू येत नसे. बोलणारा माणूस कुठल्याही बाजूला असो, टाल्मन खुर्ची वळवून त्याच्यासमोर येई. वाचल्याशिवाय तो सही करत नसे. आणि कागद एखाद्या मृत सैनिकाचा असला तर तो खुर्चीवरून उठे, माझ्यावर तळहात ठेवी, मग मला उघडी आणि उभ्यानेच सही करी. हा नियम त्याला कोणी घालून दिला नव्हता.

त्याच्या कचेरीत आश्लेषा नावाची एक तरुण अधिकारी होती. होय, तीच, तुमची आश्लेषाताई. अमेरिकेतच, सनीव्हेलला जन्मलेली. लहानपणी आईने दर रविवारी जबरदस्तीने मराठी शाळेत पाठवले म्हणून कुरकुरणारी. त्या कुरकुरीचा कधी उपयोग होईल, असे तिला स्वप्नातही वाटले नव्हते.

टाल्मनच्या कारकिर्दीचा तो शेवटचा जानेवारी होता. निवडणूक होऊन गेली होती. वीस तारखेला दुपारी बारा वाजता नवे सरकार येणार होते आणि बाराच्या ठोक्याला टाल्मनच्या सहीची किंमत तुमच्या-माझ्या सहीइतकीच उरणार होती. खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचली जात होती. तेव्हा माझ्या पोटात एक कागद होता आणि त्याच्या पट्टीवर सातांपैकी सहाच आद्याक्षरे होती.

तो अर्ज याच मॉरिसव्हिलमधल्या एका आईचा होता. तिचे नाव अहिल्या. तिचा मुलगा शंतनू सैन्यात होता. चोविसाव्या वर्षी, सरावाच्या वेळी गाडी उलटून तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा राष्ट्रीय दफनभूमीत, त्याच्या सोबत्यांच्या रांगेत, पांढऱ्या संगमरवरी शिळेखाली ठेवली होती. लग्न न झालेला सैनिक असा कर्तव्यावर गेला आणि त्याच्या जागेत वाव असला, तर त्याच्या आईवडिलांनाही तिथेच विसावा घेता येतो. मात्र त्यासाठी मंत्र्याची परवानगी लागते. अहिल्याने तीच मागितली होती, आणि तिला ती जिवंतपणी हवी होती. तिला असाध्य आजार होता. डॉक्टरांनी होळीपर्यंतचा अंदाज दिला होता.

अडचण एकच होती. शंतनूच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव वसुधा होते. अर्ज करणारी बाई अहिल्या होती. या दोघी एकच आहेत, असे सांगणारा एकही सरकारी कागद नव्हता. कायदा पाहणाऱ्या ब्रेंडा प्रुइट या वयस्क बाईंनी आद्याक्षरे रोखून धरली होती आणि त्यांचे चुकत नव्हते. उद्या कुणीही येऊन मी अमक्याची आई म्हणेल. एकदा ठेवलेली रक्षा पुन्हा उकरून काढता येत नाही.

टाल्मनने त्या दोघा नवराबायकोला बोलावून घेतले. पंधरा जानेवारीची दुपार होती. मी टेबलावर पडून होते. त्या वेळी मला मराठी येत नव्हती. शब्द जसे कानी पडले तसे मी जपून ठेवले. त्यांचा अर्थ मला या शाळेत, तुमच्याबरोबर, हळूहळू लागला.

आश्लेषा दारापर्यंत गेली. "नमस्कार काकू, नमस्कार काका. मी आश्लेषा. माझं मराठी थोडं रस्टी आहे हं, सांभाळून घ्या."

"अगं, इथे मराठी ऐकायला मिळेल असं वाटलंच नव्हतं," अहिल्या म्हणाली. ती फार बारीक झाली होती. कोटाच्या बाह्या तिच्या बोटांवर येत होत्या. "रस्टी तर रस्टी. धावेल."

तिचा नवरा संजीव अवघडून उभा होता. काहीतरी बोलायचे म्हणून तो म्हणाला, "पुण्याला बहिणीला सांगितलं, सेक्रेटरींना भेटायला चाललोय. ती म्हणते, त्यात काय एवढं? आमच्या सोसायटीलाही सेक्रेटरी आहे. पाणी आलं नाही की आम्ही त्यालाच फोन करतो."

आश्लेषाला हसू आवरेना. टाल्मनने खुर्ची वळवून विचारले तेव्हा तिला ते इंग्रजीत सांगावे लागले. टाल्मन गंभीरपणे म्हणाला की तुमच्या बहिणीला सांगा, पाणी न येण्याच्या तक्रारी माझ्याकडेही येतात. मग त्याने जन्मदाखला आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि कुणाचाही चेहरा हसरा राहिला नाही. इंग्रजी दोघांनाही येत होते, पण हे बोलायला त्यांनी मराठीच धरली.

"तो जन्माचा फॉर्म मी भरला," संजीव म्हणाला. "हिला नुकतंच ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आणलं होतं. माझी आई शेजारी उभी. घरात सगळे हिला वसुधाच म्हणायचे, हात आपोआप तेच लिहून गेला. पासपोर्ट, डिग्री, सिटिझनशिप, सगळीकडे अहिल्या, आणि हा एकच कागद... चोवीस वर्षं करेक्ट करू करू म्हणत राहिलो."

"आता पुरे रे," अहिल्या म्हणाली. "विमानातही तेच. किती वेळा?"

तिने पर्समधून एक रंग उडालेला फोटो काढून टेबलावर, माझ्या अगदी कडेशी ठेवला. लग्नातला फोटो. चांदीच्या ताटात तांदूळ पसरलेले होते आणि त्यांत बोटाएवढ्या रुंद रेघांनी काहीतरी लिहिलेले होते. आश्लेषा वाकली. पहिलीतल्या मुलीसारखे एकेक अक्षर लावत तिने वाचले, "व... सु... धा."

आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलीचे नाव बदलण्याची चाल आहे, नवरा अंगठीने तांदळात नवे नाव लिहितो, हे तिने टाल्मनला समजावून सांगितले. टाल्मनने फोटो बराच वेळ पाहिला. मग संजीवला विचारले, "आणि तुमचे नाव? तेही बदलले?"

"नाही. माझं सगळीकडे एकच आहे."

"म्हणून तर याला कसली घाई नाही," अहिल्या म्हणाली. "याचं काम दहा मिनिटांत होईल."

संजीवने मान खाली घातली. टाल्मन उठून खिडकीशी गेला. परत येऊन तो जे म्हणाला ते मी कधी विसरणार नाही. या फोटोवर माझा विश्वास आहे, तो म्हणाला. तुमच्यावरही आहे. पण दयेपोटी केलेली सही उद्या दुसऱ्या कुणाला दया आली नाही की टिकणार नाही. तुमच्या मुलाशेजारची जागा कुणालाही परत मागता येऊ नये, अशी सही मला करायची आहे. त्यासाठी पुरावा हवा. आणि तांदळात लिहिलेले नाव कचेरीच्या दप्तरात नसते.

आश्लेषाने हे मराठीत सांगताना दोनदा शब्द चुकवले. अहिल्याला कळायचे ते कळले. तिने फोटो उचलला, कोटाची बटणे लावली. कुणाला उद्देशून नाही, अशा आवाजात ती म्हणाली, "एकच कळत नाही मला. त्या दिवशी दारात ते दोन ऑफिसर आले, तेव्हा त्यांना काहीच अडचण आली नव्हती. मला दोन्ही नावांनी विचारलं त्यांनी. अहिल्या आणि वसुधा, तुम्हीच ना? मी म्हटलं, हो, दोन्ही मीच. मग त्यांनी टोप्या काढल्या. बोलायची गरजच नव्हती. चेहऱ्यावर होतं सगळं."

आश्लेषाने भाषांतर केले. टाल्मन निरोप द्यायला अर्धा उठला होता, तो तसाच थांबला आणि हळूच पुन्हा खाली बसला. "त्यांना दोन्ही नावे कुणी सांगितली?" त्याने विचारले.

मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला की प्रत्येक सैनिक एक फॉर्म भरतो. मीही भरला होता. आपल्याला काही झाले तर कुणाला कळवायचे, याचा. भरताना सगळे हसतात, थट्टा करतात. पण भरतात. तो कागद आमच्याकडे येत नाही, लष्कराच्या दप्तरात राहतो. दारात आलेल्या त्या अधिकाऱ्यांच्या हातात तोच असणार.

मित्रांनो, मी हजारो कागद पोटात घेतले आहेत. पण कुठेतरी दूर, बंद कपाटात, एका मुलाने आपल्या आईसाठी लिहून ठेवलेली एक ओळ इतके दिवस वाट पाहत असेल, या कल्पनेने माझी शिवणसुद्धा ताणली गेली.

पाच दिवस उरले होते, त्यांत शनिवार-रविवार. आश्लेषा फोनवर फोन करत राहिली. सोमवार सरकारी सुट्टीत गेला. वीस तारीख उजाडली, खोली जवळजवळ रिकामी झाली, भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले. सव्वादहा वाजता तो कागद आला.

आश्लेषाने तो माझ्यात ठेवला आणि ती धावत सुटली. सामान नेणाऱ्यांनी लिफ्ट अडवून धरली होती, म्हणून जिन्याने, चार मजले खाली, ब्रेंडा प्रुइट बाईंच्या टेबलापाशी. बाईंनी मला उघडले. चष्मा लावून वाचले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले. सातवी आद्याक्षरे लिहिली आणि म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? पळ."

काय होते त्या कागदावर? आईच्या नावाच्या रकान्यात शंतनूने दोन्ही नावे लिहिली होती, आधी वसुधा, मग अहिल्या. पुढे इंग्रजीत, त्याच्या तिरप्या अक्षरात: "घरी पहिले, ऑफिसात दुसरे. बाई एकच." त्याखाली, आजारामुळे कुणाला थेट कळवू नये, हे विचारणारा रकाना असतो. तिथे त्याने लिहिले होते: "वडिलांना थेट सांगू नका. त्यांचे हृदय कमजोर आहे. आधी आईला सांगा. ती त्यांना नीट सांगेल."

अकरा वाजून वीस मिनिटांनी टाल्मन उठून उभा राहिला. अंगात कोट होता, खिशात घराची किल्ली. त्याने माझ्यावर तळहात ठेवला. एरवी तो क्षणभर ठेवी. त्या दिवशी त्याने तो बराच वेळ ठेवला. मग मला उघडले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचले आणि उभ्याने सही केली. माझ्यातली ती त्याची शेवटची सही. चाळीस मिनिटांनी तो मंत्री राहिला नाही. आपले एक खोके स्वतःच उचलून तो जिन्याने खाली उतरला.

आश्लेषाने मॉरिसव्हिलला फोन लावला. आधी तिने सहीची बातमी दिली. मग कागदावर काय आहे ते वाचून दाखवले. वडिलांबद्दलची ओळ आली तेव्हा पलीकडून संजीवचा आवाज आला. "हे मला माहीत नव्हतं." आणि पुन्हा, "त्यानं माझी एवढी काळजी केली होती?"

"मी तुला नीट सांगितलं होतं की नाही?" मागून अहिल्या म्हणाली.

एक प्रश्न उरला होता. शंतनूच्या शिळेच्या मागच्या बाजूवर आईचे नाव कोरायचे, ते कोणते? सरकारी कागदावर अहिल्या होती. आश्लेषाने भीत भीतच विचारले, "काकू, तुम्हाला कुठलं हवंय?"

"त्यानं लिहिलंय तसं," अहिल्या म्हणाली. "त्याच क्रमानं."

त्यानंतरची माझी कथा थोडक्यात सांगते. सह्या संगणकावर होऊ लागल्या. ते बरेच झाले. आता कुणाला माझ्यासाठी जिने धावत उतरावे लागत नाहीत. मी तीन वर्षे एका लोखंडी कपाटात, वाळलेल्या पेनांच्या सोबतीत काढली. माझ्यावर धूळ बसली आणि गरुडाचे सोने पुसट झाले. मग सरकारी जुन्या सामानाच्या विक्रीत आश्लेषाने मला घेतले. नोकरी बदलून ती इकडे आली आणि तुम्हाला शिकवू लागली. पहिल्याच रविवारी तिने माझ्यात तुमच्या हजेरीचा कागद ठेवला तेव्हा, खरे सांगते, मला जरा कमीपणा वाटला होता. आता वाटत नाही.

माझ्या आतल्या कप्प्यात एक फोटो आहे. कधीतरी ताईंची परवानगी घेऊन पाहा. होळी होऊन अकरा दिवसांनी अहिल्या गेली. पांढऱ्या शिळेच्या एका बाजूला शंतनूचे नाव आहे. दुसऱ्या बाजूला कोरले आहे: वसुधा अहिल्या. आणि त्याखाली दोन शब्द, त्याची आई. फोटोच्या कडेला एका माणसाचा बूट दिसतो. तो संजीवचा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो तिथे जातो.

मित्रांनो, माझ्यावर काही सांडू नका, एवढे मागणे तर माझ्यासारखी कुठलीही जुनी वस्तू करील. माझे मागणे थोडे मोठे आहे. तुम्ही पुढे अनेक फॉर्म भराल. शाळेचे, दवाखान्याचे, नोकरीचे. तुमच्यापैकी कुणी कदाचित त्या दहाव्या मजल्यावरही जाऊन बसेल आणि इतरांनी भरलेले फॉर्म वाचेल. भरताना कंटाळू नका. वाचताना तर मुळीच नका. आपल्या माणसाचे नाव सावकाश आणि पूर्ण लिहा, शंतनूने लिहिले तसे. तो ते लिहीत होता तेव्हा शेजारचे सगळे हसत होते, आणि बहुधा तोही हसत होता.